आटे काढलेली एनफिल्ड

जुन्या हत्यारांच्या देवघेवीत ‘बिघडवलेली’ हा शब्द एका ठरावीक बंदुकीसाठी हमखास वापरला जातो. बंदूक १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. बाहेरून पाहावी तर सगळे जिथल्या तिथे : ९९ सेंटिमीटरची लांब नळी, तिला लाकडी दस्त्याशी बांधणारी तीन लोखंडी कडी, दस्त्याच्या टोकाला पितळी तळपट्टी, नळीखाली ठासणीचा गज. पण नळीत बारीक दिवा सोडला की आतले लोखंड आरशासारखे सपाट दिसते. आटे नाहीत. घेणारा मान हलवतो आणि भाव निम्म्यावर येतो. मी गेली वीस-बावीस वर्षे अशा बंदुका मिळतील तिथे पाहत, मोजत, टिपत आलो आहे, आणि माझे मत नेमके उलटे आहे. एनफिल्डच्या साऱ्या गोतावळ्यात जपण्याजोगी बंदूक कोणती असेल तर ती हीच.

हे पटायचे तर आट्यांपासून सुरुवात करायला हवी. आटे म्हणजे नळीच्या आतल्या अंगाला पिळासारखे फिरत गेलेले चर. त्यांतून बाहेर पडणारी गोळी स्वतःभोवती गिरकी घेत जाते आणि म्हणून सरळ जाते. ही युक्ती युरोपातल्या शिकाऱ्यांना कित्येक शतके ठाऊक होती. अडचण होती ती भरण्याची. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही तोंडाकडून आत जातात. आट्यांत घट्ट बसेल अशी गोळी तोंडातून खाली ठोकत न्यायला वेळ लागतो, आणि लढाईत तोच नसतो. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस लांबट, तळाशी पोकळ अशी शिशाची गोळी पुढे आणली. ती नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे सहज खाली उतरे. बार उडाला की तळ फुगून आट्यांना भिडे. एनफिल्डची गोळी याच जातीची. नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर, आटे तीन, मागची नेमपट्टी शिडीसारखी उभी राहणारी आणि तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा. आधीच्या गुळगुळीत नळीच्या मस्केटीने शंभर यार्डांपलीकडे एका माणसाचा नेम धरणे हा निव्वळ नशिबाचा खेळ होता.

गोळी आणि दारू कागदी काडतुसात बांधलेली असे. शिपायाने टोक फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीचे टोक नळीत घालायचे, वरचा कागद तोडायचा आणि गजाने ठासायचे. गोळीभोवतीचा कागद आतच राही आणि तो सरकावा म्हणून त्याला वंगण लावलेले असे. टोक फाडण्याची कवायतीतली रीत दातांची होती. पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको.

सांगायला हवे ते कारखान्याचे. लंडनच्या उत्तरेला ली नदीकाठी एनफिल्डला सरकारी शस्त्रशाळा १८१६ पासून होती, पण ब्रिटिश बंदूक त्या काळी खऱ्या अर्थाने ‘कारखान्यात’ होत नव्हती. बर्मिंगहॅममध्ये एक जण नळी करी, दुसरा चाप-घोड्याची कळ, तिसरा दस्ता. शेवटी कोणीतरी कानस घेऊन हे सगळे एकमेकांत बसवी. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला लागेलच असे नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स यांनी सहा रायफली मांडल्या होत्या, ज्यांचे भाग आपसांत बदलता येत. त्यानंतर १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारची समिती अमेरिकेत गेली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेत तिने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली प्रत्येकी एक अशा दहा मस्केटी निवडल्या, सुट्या करवल्या, भाग मिसळले आणि एका कारागिराला पुन्हा जोडायला सांगितले. त्याने नुसत्या पेचकसाने दहाही जोडून दाखवल्या. समितीने तिथूनच यंत्रांची मागणी नोंदवली, हार्पर्स फेरीला काम केलेल्या जेम्स बर्टनला एनफिल्डला आणले, आणि दशक संपण्याआधी तिथे यंत्रावरच्या बंदुका निघू लागल्या. त्या यंत्रांत दस्ता कोरणारे ब्लँचर्डचे खरादयंत्र होते : एका नमुन्यावरून चाक फिरे आणि दुसरीकडे अक्रोडाच्या लाकडाला तोच वाकडातिकडा आकार येई.

संग्राहकाच्या दृष्टीने खरी मौज इथे आहे. हातबनावटीची आणि यंत्रबनावटीची एनफिल्ड हातभर अंतरावरून सारखीच दिसते. कळपट्टीवर मुकुट, साल आणि ‘एनफिल्ड’ असेल तर ती सरकारी शाळेतली. ‘टॉवर’ असेल तर बाहेरच्या कारागिरांची. पण शिक्क्यावर सगळे सोडू नये, कळ उघडावी. बर्मिंगहॅमच्या बंदुकीत कडी, स्क्रू, कळपट्टीची आतली बाजू यांवर कानशीने मारलेल्या बारीक खाचा किंवा रोमन आकडे सापडतात. हा स्क्रू याच भोकाचा हे कारागिराने स्वतःला लिहून ठेवलेले असते. यंत्रावरच्या बंदुकीला ती गरज नाही. खासगी बंदुकीच्या नळीवर २४ किंवा २५ असा आकडा असतो, तो नळीच्या मापाचा : त्या मापाच्या किती गोळ्या एक पौंड शिशात बसतात ते. बाणाचा शिक्का म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती विकून टाकलेली.

बंदुकीच्या या कुळकथेत १८५७ मध्येच येते, आणि विचित्र रीतीने येते. जानेवारीत डमडमला चरबीची बातमी फुटली तेव्हा एनफिल्ड हिंदुस्थानी पलटणींना सर्रास वाटलेली नव्हती. डमडम, अंबाला, सियालकोट इथे निवडक तुकड्यांना शिकवणे सुरू होते. २४ एप्रिलला मेरठला ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली ती एनफिल्डची नव्हेत, जुन्याच पद्धतीची होती. विष्णुभट गोडशे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची हकीकत येते, पण बंडवाले शिपाई लढले ते बहुतांशी जुन्या गुळगुळीत मस्केटींनिशी. एनफिल्ड होती ती समोरच्या बाजूला. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूरला नानासाहेबांच्या फौजेशी गाठ पडली तेव्हा हॅवलॉकने विजयाच्या कारणांत या रायफलीचे नाव आवर्जून घेतले. जिच्या काडतुसापायी ठिणगी पडली ती बंदूक शिपायांच्या हाती फारशी आलीच नाही. तिचा पल्ला त्यांना कळला तो तिच्या तोंडासमोर उभे राहून.

बंड मोडल्यावर सरकारपुढे प्रश्न उभा राहिला : हिंदुस्थानी पलटणी ठेवायच्या तर आहेत, मग त्यांच्या हाती काय द्यायचे? उत्तर म्हणजे १८५८ चा नमुना. तीच एनफिल्ड घ्यायची, नळी आतून कोरून ०.६५६ इंच, म्हणजे १६.६६ मिलिमीटर करायची, शिडीची नेमपट्टी काढून साधा खाचेचा ठोकळा बसवायचा. आट्यांची खोली अर्ध्या मिलिमीटरहून कमी. कोरले मात्र दर बाजूला एक मिलिमीटर. म्हणजे आटे पुसायला लागले असते त्याच्या दुपटीहून अधिक लोखंड गेले. नळ्या इतक्या पातळ झाल्या की पुढच्याच वर्षी जाड नळीचा १८५९ चा नमुना काढावा लागला. तो मुळातच गुळगुळीत, नव्याने घडवलेला.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका शस्त्रशाळेने कोट्यवधी सुट्या भागांत केसाचाही फरक पडू नये म्हणून समुद्रापार जाऊन यंत्रे आणली आणि मग त्याच अचूकपणाने त्या नळ्यांतला नेम काढून घेतला. अविश्वासाची कागदपत्रे दप्तरखान्यात पुष्कळ आहेत. पील आयोगाच्या साक्षीच वाचाव्यात. पण मिलिमीटरमध्ये मोजता येणारा अविश्वास फक्त या नळीत सापडतो. पुढेही तीच रीत चालली : गोऱ्या फौजेला मागून भरायची स्नायडर मिळाली की काळ्या फौजेला ठासणीची एनफिल्ड, तिकडे मार्टिनी-हेन्री आली की इकडे स्नायडर. एक पिढी मागे, नेहमी.

म्हणूनच ‘दुरुस्ती’ करणाऱ्यांचा मला राग येतो. कोरलेल्या नळीत आटे असलेली दुसरी नळी सरकवतात, ठोकळ्याच्या जागी नवी शिडीपट्टी डाखतात, काच-कागदाने शिक्के घासून चकाकी आणतात आणि १८५३ ची म्हणून खपवतात. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला सगळा साठा अमेरिकेत विकला गेला. त्या हजारो बंदुका मातीने आणि वाळल्या वंगणाने माखलेल्या होत्या, आणि मळाखालीच त्यांचे शिक्के शाबूत राहिले होते. तेलात भिजवलेली चिंधी आणि लाकडी काडी, याहून अधिक काही वापरू नये.

हाती आली तर आधी ती भरलेली नाही ना हे पाहावे. ठासणीच्या बंदुका शंभर वर्षे भरलेल्या राहू शकतात. तोंडाकडे न वाकता लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीबाहेर धरून पाहावी. खूण ते टोक हे अंतर घोड्याखालच्या कान्यापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग हात लावू नये, जाणकाराला बोलवावे. कायद्याचेही भान हवे : वापरण्याजोगी बंदूक कितीही जुनी असो, परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात मी पाहिलेली नळी १६.७ मिलिमीटरची भरली. मागे ठोकळा, कळपट्टीवर मुकुटाची अर्धी कोर, तळपट्टीवरचा पलटणीचा क्रमांक कानशीने घासलेला. नळी तोंडाकडून वीतभर कापलेली, बहुधा पुढे शेतावर रानडुकरांसाठी वापरताना. मालकांनी विचारले, हिला आटे पाडून मिळतील का? कापलेल्या टोकाशी नळीची जाडी मी त्यांना कॅलिपरवर दाखवली आणि ०.६५६ चा आकडा कागदावर लिहून दिला. तो कागद त्यांनी गजाला दोऱ्याने बांधून ठेवला आहे.