परक्या पंडिताची संहिता

इ.स. १८५८ साली जपानने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आदी राष्ट्रांशी जे करार केले, त्यांतून एक विलक्षण स्थिती उद्भवली. जपानच्या भूमीवर गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्यायनिवाडा जपानी न्यायाधीशाने नव्हे, तर त्या परकीयाच्या वाणिज्यदूताने करावयाचा होता. १८६८ मध्ये सत्तेवर आलेल्या मेईजी शासनाला हा कलंक पुसावयाचा होता. आणि पाश्चात्त्य धर्तीचे कायदे व न्यायालये असल्याखेरीज हे करार बदलणार नाहीत, हेही त्याने ओळखले होते. म्हणून १८७३ मध्ये पॅरिसचा विधिपंडित ग्युस्ताव बोआसोनाद तोक्योला आला. मेकॉलेने हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा केला तो राज्यकर्त्यांच्या कौन्सिलाचा सभासद म्हणून. बोआसोनाद हा पगारी सल्लागार होता आणि त्याचा सल्ला नाकारण्याची मुभा यजमानाला होती. हा भेद लहान नाही.

तो येण्यापूर्वीच एक अवघड काम सुरू झाले होते, ते भाषेचे. मित्सुकुरी रिन्शो हा तरुण विद्वान १८६९ पासून फ्रेंच संहितांचे भाषांतर करीत होता. चुका झाल्या तरी चालतील, पण त्वरा करावी, असा एतो शिम्पेई या मंत्र्याचा आग्रह होता असे सांगतात. परंतु ज्या कल्पनाच भाषेत नाहीत, त्यांना शब्द कोठून आणावयाचे? मित्सुकुरीने नागरी हक्कांसाठी ‘मिन्केन’ हा शब्द योजला, तेव्हा प्रजेला कसला आला आहे अधिकार, असा वाद सरकारी बैठकीतच माजला. हक्क या अर्थी रूढ झालेला ‘केन्री’ हा शब्द चिनी भाषांतराच्या वाटेने आला. त्याची दोन अक्षरे सत्ता आणि लाभ सुचवितात. फ्रेंच ‘द्रुआ’मध्ये कायदा, हक्क आणि सरळपणा असे तिन्ही अर्थ नांदतात, त्यांतील न्याय्यतेचा अंश या प्रवासात गळाला. (मराठीने आपलासा केलेल्या ‘हक्क’ शब्दाच्या मुळाशी, अरबीत, सत्य असाही अर्थ आहे.)

बोआसोनादची सर्वांत मोठी कामगिरी त्याच्या मसुद्यांबाहेरची म्हणावी लागेल. १८७५ मध्ये काम करीत असता शेजारच्या दालनातून त्याला किंकाळ्या ऐकू आल्या. कबुलीजबाबासाठी आरोपीच्या मांड्यांवर दगडी शिळा रचल्या जात होत्या. तोवरच्या कायद्याला शिक्षेसाठी कबुली आवश्यक होती, आणि कबुली म्हटली की छळ आलाच. बोआसोनादने मंत्र्यांकडे कडवा निषेध नोंदविला. १८७६ मध्ये शिक्षेचा आधार पुरावा हा ठरला; १८७९ मध्ये छळाची प्रथा कायद्याने संपली. १८८० मध्ये जाहीर होऊन १८८२ पासून अमलात आलेली दंडसंहिता त्याच्याच मसुद्यावर उभी होती. कायद्यात आधी सांगितलेला नसेल तर तो गुन्हाच नव्हे, हे तत्त्व तिने जपानमध्ये आणले.

१८८७ मधील प्रसंग तर नाट्यमय आहे. परकीयांच्या खटल्यांत परकीय न्यायाधीशांचे बहुमत ठेवून करारबदल पदरात पाडून घ्यावा, अशी परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांची योजना होती. तिला सर्वांत ठाम विरोध केला तो या परकीय सल्लागाराने! त्याचे टिपण गुप्तपणे फुटले, गदारोळ झाला आणि इनोउए यांना पद सोडावे लागले.

ज्या दिवाणी संहितेवर त्याने दशकभर श्रम घेतले, ती १८९० मध्ये जाहीर झाली आणि अमलात येण्यापूर्वीच, १८९२ मध्ये, तहकूब झाली. होझुमी यात्सुका या विधिपंडिताने १८९१ मध्येच, या संहितेमुळे स्वामिनिष्ठा आणि पितृभक्ती लयाला जातील, असा प्रहार केला होता. गंमत अशी की, या आक्षेपाचा मुख्य रोख ज्या कुटुंब व वारसाविषयक भागांवर होता, ते जपानी मसुदाकारांनीच लिहिले होते; बोआसोनादकडे मालमत्ता, ऋण, तारण, पुरावा हे विषय होते. पण परकेपणाचा शिक्का मसुद्यातील कलमे मोजून बसत नसतो.

नव्या संहितेचे काम तिघा जपानी विद्वानांकडे गेले. त्यांपैकी होझुमी नोबुशिगे हा यात्सुकाचाच थोरला भाऊ. नवी संहिता जर्मन धर्तीची म्हणून ओळखली गेली. तथापि मालमत्ता आणि ऋण या प्रकरणांत बोआसोनादचा मसुदा किती मुरलेला आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी अभ्यासकांनीच दाखवून दिले. कुटुंबप्रमुखाला तिने दिलेली सत्ता मात्र १९४७ पर्यंत टिकली.

बोआसोनाद १८९५ मध्ये फ्रान्सला परतला. १८९८ मध्ये ही संहिता अमलात आली आणि १८९९ मध्ये वाणिज्यदूतांची न्यायालये बंद झाली.