नांगराच्या कारखान्यातला संपादक

शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे ‘शंवाकि’, यांचे चरित्र जुळवायचे तर आधी कागदांची प्रतवारी करावी लागते. ‘शंवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७४ साली आले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती आणि १ जानेवारी १९७५ रोजी ते वारले. काका लक्ष्मणराव यांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्रही त्यांनीच लिहिले. दोन्ही पुस्तके मोलाची आहेत, पण ती घरच्याच माणसाने, यश पदरात पडल्यावर मागे वळून लिहिलेली आहेत. शंवाकिंनी चालवलेल्या मासिकांच्या जुन्या फायलींचे तसे नाही. अंकावर महिना आणि साल छापलेले असते, आणि तेव्हा जे छापले ते पुढे सोयीप्रमाणे बदलता येत नाही. म्हणून मी आठवणींना मान देतो, पण हवाला फायलींचा धरतो.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा. वडील वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर होते. मुलाचा ओढा चित्रकलेकडे. मुंबईचे जे. जे. स्कूल झाले, मग लाहोरला श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या हाताखाली शिक्षण झाले. असा कुंचला धरलेला तरुण लोखंडी नांगरांच्या कारखान्यात आला तो काकांमुळे, कारखाना त्यांचाच होता. बेळगावातून बिऱ्हाड हलवावे लागल्यावर लक्ष्मणरावांना औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली. मार्च १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज हे गाव पलूस तालुक्यात आहे.

नांगर ओतणे एक वेळ सोपे होते, खपवणे अवघड. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर चालवलेल्या माणसाला नवे अवजार का घ्यायचे, ते कसे जोडायचे, फाळ झिजल्यावर काय करायचे, हे कोणीतरी समजावून सांगायला हवे होते. एजंट गावोगाव पसरलेले. त्यांना कारखान्याची बातमी कळायला हवी होती. जाहिरातीचे काम शंकररावांकडे होते. अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीचे ‘फोर्ड टाइम्स’ त्यांच्या पाहण्यात आले होते. त्याच धर्तीवर १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. मराठीतल्या एका मोठ्या मासिकाचा उगम साहित्याच्या बैठकीत नाही, विक्रीखात्यात आहे. यात मला काही उणेपणा वाटत नाही. उलट शंवाकिंच्या लेखनाचा कस इथेच तयार झाला: वाक्य आखूड, मुद्दा रोखठोक आणि वाचकाला काहीतरी करायला लावणारा. ‘व्यापाराचे व्याकरण’ आणि ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ ही त्यांची पुस्तके याच हाताची, आणि ‘टाकांच्या फेकी’मधली व्यंगचित्रेही.

सालांची ओळ नुसती लावली तरी पुढचा प्रवास दिसतो. १९२९ च्या सुमारास मासिकाच्या नावातली ‘खबर’ गळाली आणि नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’. हा काळ जागतिक मंदीचा. पुण्या-मुंबईपासून दूर, संस्थानी मुलखातल्या रेल्वे स्टेशनाशेजारच्या छापखान्यातून एकामागून एक मासिके निघत होती. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यायला त्यांना बंदी होती. पोथीनिष्ठेवर तुटून पडणारे त्यांचे निबंध ‘किर्लोस्कर’ने छापले. माल विकणाऱ्या कंपनीने गिऱ्हाइकाला दुखावतील असे लेख आपल्याच नावाच्या मासिकात छापायचे, याला धैर्य लागते. संपादक म्हणून शंवाकिंचे मोठेपण मी मुख्यतः इथे मानतो.

त्यांना तुलना शोधायची तर ती मला मराठीत सापडत नाही, न्यूयॉर्कमध्ये सापडते. एब्राहम काहान (१८६०–१९५१) हा लिथुआनियातून १८८२ मध्ये अमेरिकेत गेलेला ज्यू लेखक. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतले ‘फोरवर्ट्स’ हे दैनिक त्याने जवळजवळ अर्धे शतक चालवले. त्याचा खप दोन लाखांवर गेला. १९०६ मध्ये त्याने ‘बिंटेल ब्रीफ’ हे वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू केले. नवरा सोडून गेला, मुलगा धर्म मानत नाही, मालक पगार देत नाही, असली घरातली दुखणी त्यातून वर्तमानपत्रात आली आणि संपादक त्यांना उत्तरे देऊ लागला. काहान स्वतः कादंबरीकार होता, तरी त्याचे खरे काम म्हणजे त्याने घडवलेला वाचक. शंवाकिंबद्दलही मी हेच म्हणेन.

मात्र एक फरक झाकून चालणार नाही. काहानचा वाचक शिवणकामाच्या कारखान्यातला मजूर होता. शंवाकिंचा वाचक बहुतांशी पांढरपेशा. १९३१ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्यात साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. ज्या नांगरासाठी ‘खबर’ निघाले, तो नांगर धरणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. किर्लोस्करवाडीच्या गौरवकथेत ही गोष्ट सहसा येत नाही. ती यायला हवी.

पुढे मासिके पुण्याला गेली. विद्या बाळ १९६४ मध्ये ‘स्त्री’त आल्या आणि नंतर त्याच्या संपादक झाल्या. ‘स्त्री’ सोडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. माळावरच्या त्या छापखान्यातून निघालेली वाट थेट मराठी स्त्री-चळवळीपर्यंत पोचते, ती अशी.

आता प्रश्न कागदांचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा पलूस तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. सांगलीच्या नगरवाचनालयातले हजारो ग्रंथ भिजले. मासिकाचा कागद मुळातच हलका. एकदा भिजला की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवू गेल्यास फाटतात. पलूस, कुंडल, भिलवडी, तासगाव या भागातल्या जुन्या घरांतून माळ्यावर ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’चे अंक अजून असतील. ते रद्दीत घालू नका. मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानेही फाडू नका, कारण इतिहासाच्या कामाला पुष्कळदा तीच येतात. अंक आहेत तसे जवळच्या वाचनालयाला द्या, आणि द्यायचे नसतील तर निदान पानापानाचे फोटो काढून ठेवा.