समजात पुनःसंयोजन

समजात पुनःसंयोजन ही डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर तोच क्रम असलेल्या अखंड डीएनएवरून तुटलेला भाग पुन्हा घडवण्याची पेशीतील प्रक्रिया आहे. आयनकारी प्रारणे, काही औषधे किंवा डीएनएची प्रत तयार होताना येणारा अडथळा यांमुळे अशी तूट होते. एकच धागा तुटल्यास समोरचा धागा नमुना म्हणून उरतो. दोन्ही तुटल्यास तो आधारही जातो.

यंत्रणा

मानवी पेशीत एमआरएन हे प्रथिनसंकुल तुटलेली टोके ओळखते. विकरे प्रत्येक टोकाचा एक धागा कुरतडतात आणि दुसरा एकेरी उरतो. त्यावर प्रथम आरपीए प्रथिनाचे आवरण चढते. ते हटवून आरएडी५१ बसवण्याचे काम बीआरसीए२ करते. आरएडी५१ने वेढलेला धागा समान क्रम शोधून दुहेरी डीएनएत शिरतो व पॉलिमरेज विकर गहाळ भाग भरते. नमुना बहुधा नुकतीच तयार झालेली जुळी प्रत असते, त्यामुळे ही दुरुस्ती मुख्यतः पेशीचक्राच्या एस व जी२ टप्प्यांत होते. अन्य वेळी पेशी टोके थेट जोडते. ते काम जलद होते, पण क्रमातील काही अक्षरे गळू शकतात.

जिवाणूंत आरएडी५१चे काम रेकए प्रथिन करते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. जे. राव यांनी या प्रथिनावर संशोधन केले.

बिघाड आणि रोग

बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ जनुकाची एक सदोष प्रत वारशाने आलेल्या व्यक्तीच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, तर तिची अचूक दुरुस्ती थांबते. अशा व्यक्तींना स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचाही. बीआरसीए२च्या दोन्ही प्रती जन्मतःच सदोष असल्यास फँकोनी पांडुरोग हा दुर्मीळ विकार होतो. याच्या निदानासाठी रक्तपेशींना मायटोमायसिन-सी देऊन गुणसूत्रे किती तुटतात ते पाहतात. या विकाराचा अभ्यास वरळीजवळच्या परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत होतो.

हाच दुबळेपणा उपचारात उपयोगी पडतो. पार्प हे विकर रोखल्यास डीएनएतील लहान जखमांच्या मोठ्या तुटी होतात. निरोगी पेशी त्या सांधते, बीआरसीए गमावलेली कर्कपेशी मरते. हे २००५ मध्ये दाखवले गेले आणि २०१४ मध्ये ओलापॅरिब या औषधाला मान्यता मिळाली. मात्र काही गाठींत नव्या उत्परिवर्तनाने बीआरसीए जनुक पुन्हा कार्यक्षम होते आणि औषध निष्प्रभ ठरते.