चेतक, तबकडी आणि प्रयोग

साठच्या दशकात आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात बनणारी स्कूटर इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावरची होती आणि तिचे नावही व्हेस्पाच होते. 1971 मध्ये तो करार संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. घाट बराचसा तोच, यंत्रातले तत्त्वही तेच. पण नाव आपले आणि रस्ते आपले. तिला परक्याची नक्कल म्हणून कोणी नाक मुरडले नाही. दहा-अकरा वर्षे दुसऱ्याच्या आराखड्यावर हात बसवण्याला औद्योगिक पट्ट्यात उमेदवारी म्हणतात, आणि उमेदवारीत कमीपणा नसतो. नेमक्या त्याच वर्षांत मुंबईत गिटार हाती घेणाऱ्या तरुणांच्या वाट्याला मात्र ही सवलत आली नाही. ते दुसऱ्यांची गाणी वाजवत होते, त्यांचे स्वतःचे अल्बम जवळपास नाहीत, म्हणून त्यांच्याकडे स्वतःचे काही नव्हतेच, असा निकाल देऊन आपण मोकळे झालो. हा निकाल मला चुकीचा वाटतो. अल्बम ही कलाकृती असते, पण त्याआधी तो कारखान्यातून निघालेला माल असतो. माल का निघाला नाही, याचे उत्तर आधी कारखान्यात शोधावे लागते.

तबकडी काढण्याची यंत्रणा त्या काळी मोजक्या हातांत होती. ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला होता आणि त्याची सगळी गणिते चित्रपटसंगीतावर बसवलेली होती. चांगली गिटार, चांगला अँप्लिफायर परदेशातून आणायचा तर जकात आणि परवाना दोन्ही आडवे येत. ज्या व्यवस्थेने चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायला लावली, तीच व्यवस्था इथेही होती; फरक इतकाच की स्कूटरचे गिऱ्हाईक रांगेत उभे होते आणि रॉकच्या गिऱ्हाइकासाठी कोणी रांगच लावली नव्हती. म्हणून सत्तरीच्या सुरुवातीचे जे ध्वनिमुद्रण आज हाती लागते, त्यातले महत्त्वाचे एका सिगारेट कंपनीच्या पैशाने झालेले आहे. ‘सिमला बीट’ या देशव्यापी स्पर्धेतल्या बँडची गाणी 1970 आणि 1971 अशा दोन तबकड्यांवर आहेत. त्यांत इंग्लंड-अमेरिकेतली उसनी गाणी आहेत, तशी स्वतः रचलेलीही आहेत. ही दुसरी बाब सहसा सांगितली जात नाही. 1971 मध्येच ‘स्नेहयात्रा’ हा रॉकचा मेळावा भरला तो मळवलीला, म्हणजे आकुर्डी ज्या पुणे-लोणावळा मार्गावर आहे त्याच मार्गावर, लोणावळ्याच्या अलीकडच्या स्थानकाशी. तिथे जे वाजले त्याचा अल्बम शेल्फवर सापडत नाही, म्हणून ते वाजलेच नाही असे थोडेच होते?

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडची गोष्ट तर या मुद्द्याचा पुरावाच आहे. सत्तरीतला हा सर्वांत धाडसी बँड, पण त्याचा अल्बम एकच: ‘ऑब्सेशन 77’. नावात 77 असलेली ही तबकडी बाजारात आली 1981 मध्ये, बँड मोडल्यानंतर. तिच्यात डिस्कोच्या लाटेची चाहूल आहे, लोकप्रिय सुरावटी आहेत. मंचावर भान हरपून वाजवणारा जो बँड लोकांनी ऐकला, तो तिच्यात फार थोडा उरला आहे. 2011 मध्ये एका अमेरिकन कंपनीने हे संगीत, आधी न आलेल्या मुद्रणांसह, पुन्हा बाहेर काढले तेव्हा त्याची दुसरी बाजू ऐकू आली. केवळ 1981 ची तबकडी पाहून कोणी इतिहास लिहिला असता तर तो तपशिलात बरोबर आणि सारांशात साफ चूक ठरला असता.

रॉक मशीनचे उदाहरण याच्या उलट बाजूने बोलते. 1984 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या बँडमध्ये उदय बेनेगल गायला आणि महेश तिनईकर गिटारला. सुरुवात इतरांची गाणी वाजवूनच झाली. पण तोवर कॅसेट आली होती, आणि कॅसेटने तबकडीची मक्तेदारी मोडली होती. कमी भांडवलात कमी प्रती काढणे परवडू लागले. 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’. पहिल्या अल्बमचा बाज सरळसरळ पाश्चात्त्य हार्ड रॉकचा आहे, पण गाणी स्वतःची आहेत. 1993 मध्ये बँडने नाव बदलून इंडस क्रीड घेतले आणि 1995 च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये इथले सूर-ताल मिसळू लागले. व्हेस्पाची चेतक झाली तसाच हा प्रवास आहे: आधी उमेदवारी, मग नाव, मग हळूहळू आपला रस्ता. पुढचा अल्बम ‘इव्हॉल्व्ह’ यायला 2012 उजाडले, कारण मधल्या काळात बँड थांबला होता. माणसांची कुवत सत्तरीत कमी आणि नव्वदीत जास्त होती असे मानायला काहीच आधार नाही. बदलला तो माल बनवण्याचा आणि पोचवण्याचा मार्ग.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. साधनांची टंचाई सगळ्यांनाच होती. ज्या 1972 साली आकुर्डीहून चेतक निघाली, त्याच साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक उभे राहिले. भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी, अभंग यांतून जे नवे संगीत उभे केले, त्याला ना परदेशी गिटार लागली ना जकातीची सूट. मग रॉकवाल्यांचे अडले कुठे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. त्यांचे अडले भाषेपाशी. इंग्रजीत गाणाऱ्याला महाराष्ट्रात श्रोता मिळतो तो मूठभर महाविद्यालयांचा आणि क्लबांचा. नाटकाला मात्र राज्य नाट्यस्पर्धेपासून गावोगावच्या नाट्यगृहांपर्यंत आयती वाट होती. पण उरलेला अर्धा आक्षेप टिकत नाही, कारण रॉक मराठीत आले होते. आपण ते भलत्या ठिकाणी शोधत राहिलो.

ते आले 1978 मध्ये, ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकातून. ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेले, जब्बार पटेल यांनी बसवलेले, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीचे हे नाटक. मुख्य भूमिकेत नंदू भेंडे होते. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मुंबईच्या रॉक बँडांत गायलेला, अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झालेला. इथे चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतातही त्यांचा वाटा होता. नाट्यसंगीताचा बाज, लावणीचा ठसका आणि रॉकचा मोकळा गळा एकाच रंगमंचावर, पुलंच्या मराठीत. जगात ज्याला प्रायोगिक रॉक म्हणतात त्याचे सार हेच आहे: वेगळ्या घराण्यांचे सूर शेजारी बसवून त्यांतून तिसरे काही निघते का ते पाहणे. मराठीत ‘प्रयोग’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत, नवे करून पाहणे आणि नाटक सादर करणे. आमच्या रॉकचा प्रयोग या दोन्ही अर्थांनी प्रयोग होता, म्हणूनच तो अल्बममध्ये मावला नाही.

कोणी म्हणेल, जे पुन्हा ऐकता येत नाही त्याचा प्रभाव पडणार कसा? आकुर्डीतच उत्तर आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर इथल्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, आणि तिच्याबरोबरचे अभंग शतकानुशतके तबकडीवाचून एका पिढीकडून दुसरीकडे गेले आहेत. ते टिकले कारण वाट ठरलेली आहे, पुन्हापुन्हा गाणारे आहेत आणि शब्द सगळ्यांचे आहेत. सत्तरीच्या रॉकला अशी वाट मिळाली नाही. नाटकाने ती थोडा काळ दिली. नंदू भेंडे 2014 मध्ये गेले. चित्रपटांच्या रिळांसाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. या संगीताचे मात्र जे काही उरले आहे ते घराघरांतल्या माळ्यांवर आहे. आकुर्डी-चिंचवडपासून लोणावळ्यापर्यंत कोणाकडे त्या काळच्या ध्वनिफिती, तिकिटे, कार्यक्रमपत्रिका असतील, तर घर आवरताना त्या रद्दीत घालू नका.