खुर्ची, सुतार आणि भंगार

‘खुर्ची’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला, आणि कष्टकऱ्यांच्या घरात ही वस्तू आली ती तर फार उशिरा. आपली जुनी बैठक पाटाची, घोंगडीची, सतरंजीची; फार तर लोडतक्क्याची. इंग्रजांची कचेरी आली तेव्हा साहेबाला खुर्ची आणि रयतेला दाराबाहेरची पायरी अशी वाटणी झाली. खुर्ची म्हणजे अधिकार हा अर्थ या शब्दाला जो चिकटला, तो आजतागायत सुटलेला नाही. कोणाची खुर्ची डळमळली असे ऐकले की आपण वर्तमानपत्र उघडतो. सुताराला कोणी बोलावीत नाही. आम्ही मात्र आज खरोखरीच्या, चार पायांच्या, लाकडी खुर्चीविषयी बोलणार आहोत, आणि ती डळमळली तर काय करावे हेही सांगणार आहोत.

स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत घडवलेल्या सागवानी आणि शिसवी खुर्च्या अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहेत. अलीकडे त्या खाली उतरवून घरच्या घरी दुरुस्त करण्याची हौस वाढू लागली आहे. हौस चांगलीच आहे. परंतु नुसता हौशी माणूस प्रथम काचकागद हाती घेतो, आणि इतिहास जाणणारा माणूस प्रथम खुर्ची उलटी करून पाहतो. या दोहोंतला फरक नीट कळावा म्हणून आपण त्याच काळात वसलेल्या एका शहराकडे, म्हणजे चंदीगडकडे, वळू.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. पण १९५० साली नोविकी विमान-अपघातात मृत्यू पावले. १९५१ साली हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. ते येऊन-जाऊन असत. त्यांचे नात्यातले भाऊ पिएर जानरे मात्र तेथेच मुक्काम ठोकून राहिले, ते १९६५ पर्यंत. १९६७ साली ते वारले आणि त्यांची रक्षा पुढे चंदीगडच्याच सुखना तलावात विसर्जित करण्यात आली.

शहर उभे राहिले, पण बसायचे कशावर? सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालय, वसतिगृहे, या सर्वांना हजारोंनी खुर्च्या हव्या होत्या. त्या परदेशांतून आणणे नव्या राज्याला झेपणारे नव्हते. पंजाबात सुतार होते, लाकूड होते, वेत मिळत होता. जानरे आणि त्यांच्या कचेरीतील भारतीय वास्तुशिल्पी यांनी, त्यांत युली चौधरी या बाईंचे नाव विशेष घेतले पाहिजे, ही सामग्री समोर ठेवूनच नमुने काढले. सागाचे किंवा शिसवाचे जाड लाकूड, कोरीव कामाला पूर्ण फाटा, पाठीला आणि बैठकीला वेताची वीण, आणि बाजूने पाहिले असता उघडलेल्या परकारासारखे फाकलेले पाय. साध्या हत्यारांनी, साध्या सुताराला करता यावी अशी ही खुर्ची होती. काम निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले गेले. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर मापे तंतोतंत जुळत नाहीत. प्रत्येक सुताराचा हात त्याच्या खुर्चीत उतरलेला आहे. त्यावर खात्याची अक्षरे आणि क्रमांक रंगवलेला असे. सुताराचे नाव मात्र कोठेच नाही.

पुढे काय झाले? वेत तुटला, सांधे सैल झाले. पोलादी आणि फोमच्या खुर्च्या आल्या, मागून प्लॅस्टिक आले. जुन्या खुर्च्या गच्चीवर आणि अंगणात उन्हापावसात रचून ठेवल्या गेल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघू लागल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी व्यापाऱ्यांची दृष्टी त्यांवर गेली. त्यांनी ढिगाच्या ढीग विकत घेतले, दुरुस्त केले, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत एकेक खुर्ची हजारो डॉलरना विकली जाऊ लागली. २०११ साली केंद्रीय गृहखात्याने हे फर्निचर विकण्यास आणि परदेशी पाठवण्यास मनाई करणारा आदेश काढला. तरीही वाट पुरती बंद झाली नाही. कारण १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरण्यास शंभर वर्षे व्हावी लागतात, आणि या खुर्च्यांना तितकी झालेली नाहीत.

यावर पुष्कळ लोक व्यापाऱ्यांना दोष देऊन मोकळे होतात. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. व्यापाऱ्याने भंगार विकत घेतले. पण भंगार ठरवले कोणी? आमचे म्हणणे असे की, वस्तू मोडली म्हणजे भंगार होत नाही. ती दुरुस्त करणारा माणूस नाहीसा झाला म्हणजे ती भंगार होते. एके काळी खुर्ची विणण्याचे काम अंधशाळांतून शिकवले जात असे आणि सरकारी कचेऱ्यांत वेत विणणाऱ्या अंध कारागिरांना नोकरी मिळत असे. बोटांना भोके आणि पट्ट्या समजल्या की डोळ्यांवाचून अडत नाही असे हे कौशल्य. वेताची खुर्ची मागे पडली तशी ही जागाही मागे पडली. मग फाटलेली बैठक कोण विणणार? चार पट्ट्यांच्या कामासाठी अख्खी खुर्ची फेकून देण्यात आली. कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला हा हिशेब ओळखीचा आहे. दुरुस्तीची मजुरी खर्च म्हणून दिसते. नवी खरेदी मात्र प्रगती म्हणून मिरवते.

आता आपल्या माळ्यावरच्या खुर्चीकडे वळू. ती चंदीगडची नसेल. पण त्याच काळातल्या, तशाच निनावी हातांनी घडवलेली आहे. प्रथम ती उलटी करा. आतल्या बाजूस खडूची खूण, क्रमांक, पटाशीचे घाव दिसले तर ते तसेच राहू द्या. तेवढाच त्या सुताराचा दाखला आहे. मग हलवून पाहा. लाकूड सहसा गेलेले नसते. सांधा सुटलेला असतो. खाचेत बसवलेले कुसू जनावरांच्या सरसाने चिकटवलेले असेल तर ऊन पाण्याने किंवा वाफेने तो सरस मऊ होतो आणि सांधा न मोडता उकलतो. जुना सरस पुरता खरवडून काढल्यावाचून नवा लावू नये, धरत नाही. आजचा पांढरा गोंद अधिक पक्का असतो हे खरे. पण तो लावलेला सांधा पुढच्या दुरुस्तीत सहज उकलत नाही. आणि खिळा तर ठोकूच नये. खिळ्याने सांधा घट्ट होत नाही, लाकूड फाटते.

पॉलिश काढण्यापूर्वी ते कशाचे आहे हे पाहावे. आडबाजूला स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर ती लाख आहे. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतात. आजही झारखंडात आदिवासी कुटुंबे हे पीक घेतात. लाखेच्या पॉलिशवर गरम पेल्याचा पांढरा डाग पडतो, पण त्यासाठी सगळे खरवडण्याचे कारण नाही. स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचा हलका हात, कापडात गुंडाळलेल्या कापसाने, जुन्या थरातच मुरतो. खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि जवळ आग नसावी.

वेत सैल पडला असेल पण तुटला नसेल, तर बैठक खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगली भिजवून सावलीत वाळवावी. वाळताना वेत आपोआप ताणून बसतो. तुटला असेल तर नवी वीण घालावी लागते: दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरपे. हे काम घरी शिकता येते. परंतु गावात विणणारा कारागीर उरला असेल तर ते त्याला द्यावे, आणि घासाघीस न करता द्यावे, अशी आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट, जी हौशी लोक विसरतात. लाकडाचा बारीक भुगा माणसाला कर्करोग करतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नमूद केले आहे. जुन्या रंगात शिसेही असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. तुम्ही एक रविवार घासता तर नाकाला फडके बांधता; सुतार चाळीस वर्षे घासतो, त्याच्या नाकाला काय आहे हे त्याच्या मालकाला विचारावे लागते.

२०१६ साली युनेस्कोने चंदीगडचा कॅपिटॉल परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. इमारतींचा मान झाला, आराखडा काढणाऱ्यांची नावे जगभर झाली. ज्यांनी या खुर्च्यांना रंधा मारला आणि वेत विणला, त्यांची यादी आता कोणालाही करता येणार नाही. ती चूक आपल्या घरापुरती टाळणे मात्र आपल्या हाती आहे. खुर्ची दुरुस्त झाली की बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूस, जेथे पॉलिश पोचत नाही तेथे, पेन्सिलीने साल लिहा. सांधा कोणी बसवला आणि वेत कोणी विणला त्यांची नावे लिहा. पुढची दुरुस्ती तीस-चाळीस वर्षांनी निघेल. तेव्हा जो कोणी ही खुर्ची उलटी करील, त्याला ती नावे वाचता येतील.