होळकर संघ : संस्थान गेले, संघ राहिला



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने क्रिकेटवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना औचित्याला सोडून वाटले असेल. परंतु खेळाचे तंत्र हा माझा विषय नव्हे. मला त्यात गती नाही. एखादा संघ कोणाचा असतो, त्याला पोसणाऱ्याचा की त्याला आपला म्हणणाऱ्यांचा, हा प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या प्रश्नावर एका परक्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, 1891 साली रेल्वेतील लोकांनी एक क्लब काढला. त्याचे नाव सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब! क्रिकेट मागे पडले, फुटबॉल वाढला आणि 1913-14 च्या सुमारास रेल्वेपासून वेगळा होऊन तो क्लब पेन्यारोल या नावाने नांदू लागला. पेन्यारोल ही रेल्वेच्या कारखान्यांची वस्ती. पुढे या क्लबाने दक्षिण अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ करंडक पाच वेळा जिंकला. त्याचा प्रतिस्पर्धी नासिओनाल हा 1899 चा. त्याचे समर्थक म्हणतात की, 1913 चा क्लब नवा, 1891 चा वेगळा. सबब वडीलकीचा मान आमचा. पेन्यारोलवाले म्हणतात, नाव बदलले म्हणून माणूस बदलतो काय? हा वाद वाचताना मला वारंवार आपले इंदूर आठवले.

इंदुरात होळकर दरबाराने 1923 साली नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडूंना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. सी. के. तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. तीनच वर्षांनी मुंबईत त्यांनी एम.सी.सी.विरुद्ध दोन तासांच्या आत 153 धावा काढल्या, त्यात 11 षटकार होते. आणि 1932 साली ते भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार झाले. रणजी करंडक सुरू झाला तेव्हा इंदूरचे खेळाडू ‘मध्य हिंदुस्थान’ या नावाने खेळत. 1941-42 पासून संघाला ‘होळकर’ हे नाव लाभले. महाराजा यशवंतराव होळकरांचा त्याला आश्रय होता. त्या काळी क्रिकेट नावाला हौशी होते. पोटाची सोय मात्र संस्थानाच्या नोकरीतून होई. आज ज्याला आपण व्यावसायिक खेळाडू म्हणतो, त्याचेच हे दरबारी रूप होते.

हा संघ मराठी होता काय? 1946 साली म्हैसूरविरुद्ध इंदुरात होळकर संघाने 8 बाद 912 धावांवर डाव घोषित केला आणि एकाच डावात सहा जणांनी शतके काढली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर ही चार नावे आपल्या घरातली वाटतात. परंतु उरलेली दोन सी. के. नायडू आणि प्रतापसिंह यांची आहेत. परदेशात कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय मुश्ताक अली हे तर इंदूरचेच सुपुत्र. 1944-45 च्या अंतिम सामन्यात याच संघाकडून डेनिस कॉम्प्टन नाबाद 249 धावा करून गेला. तो युद्धकाळात महूच्या छावणीत होता! त्या सामन्यात मुश्ताक यांनी दोन्ही डावांत शतके केली, सी. एस. नायडूंनी 917 चेंडू टाकले, दोन्ही संघांच्या मिळून 2078 धावा झाल्या आणि होळकर संघ मुंबईकडून 374 धावांनी हरला. तेलुगू कर्णधार, मुसलमान सलामीवीर, मराठी मधली फळी आणि एक इंग्रज सैनिक, असा तो मेळा होता. संघ मराठी नव्हता, तो इंदूरचा होता.

पुढच्याच वर्षी बडोद्याला हरवून त्याने करंडक पहिल्यांदा जिंकला. पन्नाशी गाठलेल्या सी. कें.नी त्या अंतिम सामन्यात 200 धावा काढल्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागी रचून होळकर संघाला एक डाव आणि 409 धावांनी धूळ चारली. दैव असे फिरते.

राजाचा लाड म्हणून हा संघ फुलला आणि राजाबरोबर कोमेजला, असे सर्रास सांगितले जाते. मी हिशेब मांडून पाहिला. इंदूर संस्थान 28 मे 1948 रोजी मध्य भारतात विलीन झाले. होळकर संघ एकंदर चौदा हंगाम खेळला: सात विलीनीकरणापूर्वीचे, सात नंतरचे. पहिल्या सातांत चार वेळा अंतिम सामना आणि दोन विजेतेपदे (1945-46, 1947-48). नंतरच्या सातांत सहा वेळा अंतिम सामना आणि पुन्हा दोन विजेतेपदे (1950-51, 1952-53). महाराज पुढेही उपराजप्रमुख होते, त्यांचा आश्रय एका रात्रीत आटला असे मी म्हणणार नाही. परंतु राज्य नसलेल्या राज्याचा संघ सहा वेळा अंतिम सामन्यापर्यंत जातो, याला लाड म्हणत नाहीत. 1952-53 मध्ये कलकत्त्याला बंगालला नमवणारे सी. के. तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते.

मी हा संघ पाहिलेला नाही. माझी समज येण्याआधीच तो संपला. तो मला वडिलांच्या बोलण्यातून मिळाला. 1954-55 चा अंतिम सामना इंदुरातच झाला आणि मद्रासने तो 46 धावांनी जिंकला. वडील इतर सामन्यांचे आकडे चुकवीत, हा कधी चुकवीत नसत. ‘सेहेचाळीस’ एवढेच म्हणत आणि पानाचा डबा ओढून घेत. त्यानंतर होळकर नावाचा संघ रणजीच्या मैदानात उतरला नाही. त्याची जागा आधी मध्य भारताने आणि मग मध्य प्रदेशाने घेतली.

जून 2022 मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. मार्गदर्शक चंद्रकांत पंडित. 1998-99 मध्ये त्याच मैदानावर, अंतिम सामन्यात पराभूत झालेले मध्य प्रदेशाचे कर्णधारही तेच. या संघात इंदूरचा रजत पाटीदार होता, त्याने शतक काढले. दप्तरी नोंद अशी की, हे मध्य प्रदेशाचे पहिले विजेतेपद. नोंद बरोबरच आहे. भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर यांचाही त्यात वाटा आहे आणि त्यांनी आमचे जुने चार करंडक आपल्या खात्यात का घ्यावेत? तरीही त्या संध्याकाळी माझ्या तोंडून ‘पाचवे’ असे निघून गेले. नातवाने लगेच दुरुस्ती केली. मी त्याला पेन्यारोलची गोष्ट सांगितली. ती त्याला पटली नाही. इंदूरच्या ज्या मैदानावर आता आंतरराष्ट्रीय सामने होतात, त्याचे नाव 2010 पासून होळकर स्टेडियम आहे, एवढे मात्र त्याने मान्य केले.