पूर्णा जंक्शन आणि 9600 ची लाइन

गेल्या शनिवारी एका कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्याशी झटापट चालली होती. काट्याचं जुनं यंत्र फक्त सिरियल पोर्टमधून बोलतं, ऑफिसातला सर्व्हर फक्त नेटवर्क ओळखतो. मध्ये 8 पोर्टांचा डबा, म्हणजे टर्मिनल सर्व्हर, बसवायचा. काम तसं अर्ध्या तासाचं. डब्याला आयपी द्यायचा, पहिल्या पोर्टला टीसीपी क्रमांक 2001, दुसऱ्याला 2002 असे द्यायचे आणि दोन्हीकडचा वेग जुळवायचा. मी सवयीने 9600, 8 डेटा बिट, पॅरिटी नाही असं टाकलं. गंमत म्हणजे 0, 3, 5, 6, 9 नीट दिसत होते आणि 1, 2, 4, 7, 8 च्या जागी नुसता कचरा! काटा 7 बिट आणि सम पॅरिटी पाठवत होता. ज्या अंकाच्या कोडमध्ये 1 विषम वेळा येतो, त्याचा पॅरिटी बिट माझ्याकडे आठवा डेटा बिट म्हणून मोजला जात होता. बाहेर ट्रकांची रांग, आत मी घामाघूम. चूक अर्थात माझीच.

परतताना गाव आठवलं, पूर्णा. माझ्या लहानपणी तिथे दोन मापांचे रूळ होते. मनमाड-नांदेडकडचे ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटरचे. अकोल्याकडचे मीटरगेज, 1000 मिलिमीटरचे. गाडी या रुळावरून त्या रुळावर जाऊच शकत नव्हती. माणसं उतरायची, सामान डोक्यावर घेऊन दुसऱ्या गाडीत बसायची. 2008 साली अकोल्याचा मार्गही ब्रॉडगेज झाला आणि ती धावपळ संपली. माझा तो डबा म्हणजे असंच जंक्शन. इकडून एकेक बिट येतो, तिकडून पॅकेट निघतं.

याच स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागेही हीच गोष्ट आहे. संगणक नव्हते तेव्हा आरक्षण वहीत व्हायचं. स्टेशनागणिक कोटा ठरलेला, आणि पुढच्या जंक्शनपासूनची जागा हवी तर तार करायची. उत्तर येईपर्यंत थांबा! दिल्लीत 1985-86 मध्ये संगणकीय आरक्षण आलं, 1986 मध्ये क्रिस ही रेल्वेची संगणक संस्था निघाली आणि 1994 मध्ये तिची नवी प्रणाली 'कॉन्सर्ट' सिकंदराबादला सुरू झाली. आमचा भाग दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्या यंत्राकडे.

पण यंत्र तिथे आणि खिडकी गावोगावी, मग जोडायचं कसं? टर्मिनलला स्वतःचं डोकं नसतं. कळ दाबली की अक्षर सिरियल तारेने जातं, पण आरएस-232 ची तार जेमतेम 15 मीटरची. म्हणून मोडेम आणि भाड्याची टेलिफोन लाइन. प्रत्येक टर्मिनलला वेगळी लाइन परवडणार नाही, म्हणून मल्टिप्लेक्सर.

आता हिशोब करा. 9600 च्या लाइनवर एका अक्षराला 10 बिट, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. 24 ओळी गुणिले 80 अक्षरांचा पूर्ण स्क्रीन भरायला 2 सेकंद. तशी 8 टर्मिनलं एकाच 9600 च्या लाइनवर टाकली तर मागणी आठपट. तरी भागतं, कारण आठही क्लार्क एकाच क्षणी कळ दाबत नाहीत. एक नाव विचारतो, दुसरा सुटे पैसे मोजतो. त्या मोकळ्या क्षणांमध्ये दुसऱ्याची अक्षरं निघून जातात. गर्दी झालीच तर 'जरा थांब' सांगायला फ्लो कंट्रोल. ते विसरलं की तिकिटावरची अक्षरं गळालीच म्हणून समजा.

एप्रिल 1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. कुठल्याही खिडकीतून कुठलीही गाडी! मला यातली मोठी गोष्ट वेगाची वाटत नाही. छोट्या गावचा माणूस आणि महानगरातला माणूस एकाच रांगेत उभे राहिले, ही वाटते. 2002 मध्ये इंटरनेटवर तिकीट आलं आणि ज्याच्या घरी इंटरनेट, तो पुन्हा पुढे गेला. असो.

आपण नव्या तंत्राचे वाढदिवस साजरे करतो. पण रात्री टॉर्च तोंडात धरून पॅरिटी जुळवणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात. यापुढे मी डब्यावर प्रत्येक पोर्टच्या सेटिंगची चिठ्ठी चिकटवणार आहे. निदान पुढच्याची शनिवारची दुपार तरी वाचेल.